पुण्यातील रजनीश आश्रम आणि महाराष्ट्रातील लोकसंशय : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

नव्या धर्मपंथाविषयी समाजाला वाटणारा संशय हा धर्मेतिहासातील एक उपेक्षित विषय आहे. पंथाचा संस्थापक, त्याचे तत्त्वज्ञान आणि त्याचे वाङ्मय यांवर विपुल लेखन होते; परंतु पंथाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या सामान्य माणसाने कोणते प्रश्न विचारले, कोणते विचारलेच नाहीत आणि विचारलेल्या प्रश्नांचे पुढे काय झाले, याची नोंद क्वचितच घेतली जाते. आचार्य रजनीश (पुढे भगवान श्री रजनीश आणि १९८९ पासून ओशो) २१ मार्च १९७४ रोजी पुण्यातील कोरेगाव पार्क येथे वास्तव्यास आले. त्यांच्या आश्रमाभोवती निर्माण झालेल्या संशयाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या आश्रमाच्या शिकवणुकीचे मूल्यमापन करणे हा येथे विषय नाही.

या आश्रमावर टीका झाली नाही असे कोणीही म्हणणार नाही. टीका भरपूर झाली, कडवटही झाली. परंतु तिचा बराचसा भाग स्त्री-पुरुषांच्या वर्तनाविषयी होता. पैसा कोठून येतो, कोणाच्या नावावर राहतो आणि निर्णय कोण घेतो, हे प्रश्न त्या मानाने मंद आवाजात विचारले गेले. पन्नास वर्षांनंतर मात्र नीतीविषयीचा गदारोळ ओसरून गेला आहे आणि हिशेबाचा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला आहे. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

'मानभावी' या शब्दाची साक्ष

गुप्तता पाळणाऱ्या पंथाविषयीचा संशय महाराष्ट्राला नवा नाही. शेवगावहून गोदावरी ओलांडली की पैठण लागते. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांचे वास्तव्य ज्या गावांत झाले त्यांत पैठणचे स्थान मोठे आहे. चक्रधरांनी स्थापन केलेल्या महानुभाव पंथाने वर्णभेद नाकारला, स्त्रियांना संन्यासदीक्षा दिली आणि मराठी ही धर्मभाषा मानली. या पंथाच्या अनुयायांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परिणामी मराठीतील आद्य गद्यग्रंथांत गणले जाणारे 'लीळाचरित्र' शतकानुशतके मराठी वाचकांपासून दूर राहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपीचा उलगडा केल्यानंतरच हे भांडार अभ्यासकांसाठी खुले झाले.

मधल्या काळात समाजाने या पंथाविषयी काय ग्रह करून घेतला, त्याची साक्ष कोशातच सापडते. 'महानुभाव' या शब्दाचे लोकभाषेत 'मानभाव' झाले आणि त्यावरून 'मानभावी' हे विशेषण आले. आज त्याचा अर्थ वरवर गोड आणि आतून कपटी असा होतो. भिक्षेवर जगणाऱ्या, अपरिग्रह पाळणाऱ्या आणि अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या पंथाच्या नावाची अशी गत व्हावी, हा अन्यायच होय. पंथाजवळ द्रव्य नव्हते, सत्ता नव्हती. होती ती केवळ न वाचता येणारी लिपी आणि काळी वस्त्रे. एवढ्या भांडवलावर समाजाने त्याच्यावर कपटाचा आरोप केला आणि तो भाषेत कायमचा कोरून ठेवला. 'मानभावी' हा शब्द आपण किती सहज वापरतो, याचा मराठीच्या प्राध्यापकांनी तरी एकदा विचार करावयास हवा.

या उदाहरणावरून एक सावधगिरीची बाब निश्चित होते. गुप्तता आणि लबाडी या एकच गोष्टी नाहीत. छळाच्या भीतीने दुर्बळांनी पाळलेली गुप्तता वेगळी आणि द्रव्यबळ असलेल्या संस्थेने हिशेबाभोवती उभारलेली भिंत वेगळी. लोकसंशय हा फरक आपोआप ओळखत नाही.

नगर जिल्ह्याची परंपरा

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन मोठी श्रद्धास्थाने उभी राहिली : शिर्डी, साकोरी आणि अरणगावजवळील मेहेराबाद. या तिन्हींचा परस्परसंबंध सर्वश्रुत आहे. साकोरीचे उपासनी महाराज हे साईबाबांचे शिष्य, तर मेहेरबाबा हे उपासनी महाराजांच्या सहवासात काही काळ राहिलेले. या स्थानांविषयीही शंका घेतल्या गेल्या. साईबाबा भक्तांकडून दक्षिणा मागून घेत, ही गोष्ट अनेकांना खटके. मात्र दिवसभरात आलेली रक्कम त्याच दिवशी वाटून संपे, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. मशीद उघडी होती. पैसा घेतानाही लोकांना दिसे, देतानाही दिसे.

मेहेरबाबांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धारण केले आणि ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत सोडले नाही. मौन सोडण्याच्या घोषणा झाल्या. १९३२ मध्ये अमेरिकेतील हॉलिवूड येथे ते मौन सोडणार असे जाहीर होऊनही तसे घडले नाही. इंग्रज लेखक पॉल ब्रन्टन यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात त्यांच्याविषयी स्पष्ट अविश्वास व्यक्त केला. मेहेराबाद येथील प्रेमाश्रमातील काही मुलांना त्यांच्या पालकांनी साशंक होऊन घरी नेले. येथे संशय होता तो दाव्याविषयी; शुल्काविषयी नव्हता, कारण शाळा आणि दवाखाना दोन्ही मोफत होते.

या संदर्भात शिर्डीची एक बाब विशेष लक्षणीय आहे. साईबाबांचे निर्वाण १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले आणि अवघ्या चार वर्षांत, १९२२ मध्ये, अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने संस्थानाच्या कारभाराची योजना मंजूर केली. पुढे राज्य विधिमंडळाने २००४ मध्ये या संस्थानासाठी स्वतंत्र कायदाच केला. शिर्डीच्या कारभारावर आजही वाद होतात, खटले चालतात. पण वाद होऊ शकतात, याचे कारण हिशेब मागण्याची जागा त्या न्यायालयाने फार लवकर निर्माण करून ठेवली होती. श्रद्धेला धक्का न लावता तिजोरीवर लक्ष ठेवता येते, हे नगर जिल्ह्याने १९२२ मध्येच अनुभवले होते.

कोरेगाव पार्कचे प्रवेशद्वार

रजनीश पुण्यास आले तेव्हा ते महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. जबलपूर विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या या वक्त्याने १९६६ मध्ये नोकरी सोडली. १९६८ मध्ये मुंबईत दिलेल्या कामविषयक व्याख्यानांनी खळबळ उडाली आणि वृत्तपत्रांनी त्यांना जे विशेषण चिकटवले ते अखेरपर्यंत सुटले नाही. १९७० पासून त्यांचे वास्तव्य मुंबईत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मनाली येथे त्यांनी नवसंन्यासाची पहिली दीक्षा दिली. कोरेगाव पार्कमधील संस्थानिकांच्या बंगल्यांच्या वस्तीत घेतलेल्या जागेसाठी ग्रीसमधील जहाजमालकांच्या घराण्यातील एका शिष्येचे मोठे साहाय्य झाले.

आश्रमाचे वेगळेपण १९७५ नंतर ठळक झाले. अमेरिकेतील मानसोपचाराच्या नव्या पद्धती शिकलेले उपचारक येथे आले आणि गटोपचारांची शिबिरे सुरू झाली. या शिबिरांना शुल्क होते. ते परदेशी साधकाला आपल्या देशाच्या मानाने माफक वाटे. पुण्यातील कारकुनाला किंवा शिक्षकाला ते परवडण्याजोगे नव्हते. आश्रमाच्या उत्पन्नाचा मोठा भाग या शिबिरांतून येई. काही गटांत शारीरिक हिंसेला मुभा होती. कॅलिफोर्नियातील इसालेन संस्थेचे सहसंस्थापक रिचर्ड प्राइस हे स्वतः अशा शिबिरात सहभागी झाले आणि तेथील हिंसा पाहून निषेध करून परतले. जानेवारी १९७९ मध्ये आश्रमाने गटोपचारांतील हिंसा थांबविल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास लंडनच्या 'टाइम्स'चे स्तंभलेखक बर्नार्ड लेव्हिन यांनी मात्र १९८० मध्ये आश्रमाविषयी अनुकूल लेख लिहिले. तेव्हा बाहेरच्या जगाचा निवाडाही एकमुखी नव्हता.

प्रवेशद्वारावर पादत्राणांबरोबर मनही बाहेर ठेवून येण्याची सूचना लावलेली असे. सायंदर्शनास येणाऱ्यांचा वास घेऊन तपासणी होई, कारण रजनीशांना सुगंधी द्रव्यांचा त्रास होता. ज्या शहरात पालखीच्या दिवशी वारकऱ्याला कोणीही पाणी देतो आणि कीर्तनाला बसण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, त्या शहराला ही तपासणी विलक्षण वाटली तर नवल नाही. भक्तिपरंपरेत महाराजांच्या पायापर्यंत पोहोचण्यास गर्दी आड येई, फाटक नव्हे.

आश्रमाविषयीच्या रोषाची तात्कालिक कारणे मात्र वेगळी होती. भगव्या वस्त्रातील परदेशी स्त्री-पुरुषांचे रस्त्यावरील मोकळे वर्तन, आलिंगने आणि संन्यासाच्या रंगाचा असा वापर यांमुळे शहर दुखावले. २२ मे १९८० रोजी प्रवचन चालू असताना एका तरुणाने रजनीशांच्या दिशेने सुरा फेकला. संशयाचे हे टोक होते आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. हिंसेने संशयितालाच सहानुभूती मिळवून दिली, इतकेच त्यातून साधले.

तथापि पुण्याच्या मध्यमवर्गाला केवळ सोवळा ठरवणे योग्य नाही. याच वर्गाने पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) या नाटकात विरक्तीचा ताठा मिरवणाऱ्या आचार्यांपेक्षा रसिक काकाजींना पसंती दिली होती. भोगाविषयी मोकळे बोलणारा माणूस त्याला मुळात वर्ज्य नव्हता. रजनीशांची पुस्तके घराघरांत वाचली जात होती. त्यांच्या हिंदी प्रवचनांना मराठी श्रोते जात होते. दिवसा निंदा करावी आणि रात्री पुस्तक वाचावे, असा हा दुटप्पी व्यवहार होता, हे मान्य करावे लागते.

हिशेब कोणी मागावा?

हिशेबाचा प्रश्न जोरकसपणे का पुढे आला नाही, याची कारणे येथे दडलेली आहेत. महाराष्ट्रातील धर्मचिकित्सेची परंपरा समृद्ध आहे. महात्मा फुले, लोकहितवादी, आगरकर, प्रबोधनकार ठाकरे आणि गाडगे महाराज यांनी कर्मकांडावर व भोंदूगिरीवर आघात केले. 'किर्लोस्कर' मासिकाने बुवाबाजीविरुद्ध मोहीम चालविली. परंतु 'बुवाबाजी' या संकल्पनेचा साचा विशिष्ट होता. चमत्कार दाखवणारा, अंगारा देणारा, अडाणी आणि गरीब भक्ताला नाडणारा बुवा तिच्या नजरेसमोर होता. रजनीश या साच्यात बसत नव्हते. त्यांनी चमत्काराचा दावा केला नाही. उलट पुरोहितशाहीची त्यांनी जी टवाळी केली ती एखाद्या बुद्धिवाद्यालाही मागे टाकील. भक्त गरीब नव्हते, अडाणी तर नव्हतेच. त्यांत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि विनोद खन्ना यांच्यासारखे चित्रपट अभिनेते होते. आपण श्रीमंतांचे गुरू आहोत, असे ते स्वतःच सांगत. त्यामुळे 'हे महाग आहे' हा आक्षेप घेण्यापूर्वीच त्याची हवा निघून गेली. किंमत उघड होती. बंद होता तो हिशेब.

दुसरे असे की, शुल्क भरणारे बहुसंख्य लोक परके होते. परदेशी चलन शहरात येत होते. घरमालक, शिंपी आणि रिक्षाचालक यांच्या हाती त्यातील काही पडत होते. ज्याच्या खिशातून पैसा जातो तो तक्रार करीत नाही आणि ज्याच्या खिशात येतो तो तर मुळीच करीत नाही.

तिसरे कारण कायद्यातील आहे आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) या कायद्याने विश्वस्त संस्थांची नोंदणी, लेखापरीक्षण आणि स्थावर मिळकतीच्या विक्रीसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक केली. पण संस्थेच्या कारभाराविषयी दाद मागणारी व्यक्ती 'हितसंबंध असलेली' असावी लागते. मठाच्या बाबतीत शिष्य, संस्थेच्या बाबतीत सभासद, अन्य न्यासाच्या बाबतीत विश्वस्त किंवा लाभार्थी, अशी ही व्याख्या आहे. शेजाऱ्याला किंवा केवळ जिज्ञासू नागरिकाला तेथे सहज स्थान नाही. म्हणजे हिशेब मागण्याचा अधिकार शिष्याला, आणि शिष्याने तर समर्पणाची दीक्षा घेतलेली. जो विचारू शकत होता तो विचारणार नव्हता. ज्याला विचारायचे होते त्याला अधिकार नव्हता. गुरूशी मतभेद होईपर्यंत शिष्य गप्प राहतो, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे, किंवा आले असले तरी त्यावर इलाज नव्हता.

राहता राहिले शासन. मोरारजी देसाई यांच्या जनता सरकारने (१९७७–७९) आश्रमाची करसवलत पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतली. त्यातून उद्भवलेली करमागणी सुमारे ५० लाख डॉलर असल्याचा अंदाज अभ्यासकांनी दिला आहे. आश्रम हेच मुख्य गंतव्यस्थान सांगणाऱ्या परदेशी व्यक्तींना प्रवेशपरवाने नाकारले गेले आणि विस्तारासाठी हव्या असलेल्या जमिनीच्या वापरास परवानगी मिळाली नाही. कारवाई आर्थिक होती. परंतु पंतप्रधानांची सोवळी वृत्ती सर्वांस ठाऊक असल्याने ती सूडबुद्धीची मानली गेली. आश्रमाने तिचा छळ म्हणून प्रचार केला आणि तो पुष्कळांना पटलाही. हिशेबाचा रास्त प्रश्न नीतीच्या भांडणात असा वाया गेला.

ओरेगॉनची परीक्षा

एप्रिल १९८१ मध्ये रजनीशांनी जाहीर मौन धारण केले आणि १ जून १९८१ रोजी ते अमेरिकेस गेले. ओरेगॉन राज्यात सुमारे ६४,००० एकरांचे कुरण ५७ लाख ५० हजार डॉलरना खरेदी करून तेथे रजनीशपुरम् उभारण्यात आले. पुढचा इतिहास सुपरिचित आहे : १९८४ मध्ये द डॅलेस या गावातील उपाहारगृहांतील अन्नात जंतू मिसळून ७५१ लोकांना आजारी पाडण्याचा प्रकार, सप्टेंबर १९८५ मध्ये सचिव मा आनंद शीला यांचे पलायन, ऑक्टोबरमध्ये रजनीशांना अटक, आणि स्थलांतरविषयक गुन्ह्यांसाठी ४ लाख डॉलरचा दंड व देशत्याग. रोल्स-रॉइस मोटारींची संख्या ९३ पर्यंत गेली होती. आपल्याला काहीही ठाऊक नव्हते, सर्व कारभार शीला पाहत होत्या, असे रजनीशांनी सांगितले. हे खरे मानले तर सर्वज्ञ गुरूला स्वतःच्या घरातले दिसत नव्हते; खोटे मानले तर प्रश्नच उरत नाही. काही मोजक्या व्यक्तींच्या हाती सर्व निर्णय आणि बाकीच्यांकडे केवळ श्रद्धा, ही रचना मात्र ओरेगॉनमध्ये जन्मली नव्हती. ती पुण्यात तयार झाली होती.

जानेवारी १९८७ मध्ये रजनीश पुण्यास परतले. आश्रमात प्रवेशापूर्वी एड्सची तपासणी सक्तीची झाली. १९८९ मध्ये २१ जणांचे एक अंतर्मंडळ नेमण्यात आले. १९ जानेवारी १९९० रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्याच सायंकाळी अंत्यसंस्कार उरकण्यात आले.

शिष्यांचा संशय

निधनानंतर आश्रमाचे रूपांतर 'मेडिटेशन रिसॉर्ट'मध्ये झाले आणि पुण्यातील जुना राग मावळला. कोरेगाव पार्क हीच प्रतिष्ठेची वसाहत बनली. या काळात महाराष्ट्रातील अंधश्रद्धाविरोधी चळवळ संघटित झाली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर प्रथम अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत १२ प्रकारची कृत्ये आहेत. नरबळी, भूत उतरवण्यासाठी मारहाण, चमत्काराच्या नावे फसवणूक अशा या कृत्यांत महागड्या शुल्काचा आणि बंद हिशेबाचा समावेश नाही, आणि दंडविधानाच्या दृष्टीने तो असणे अवघडही आहे.

प्रश्न अखेर विचारला तो शिष्यांनी. 'ओशो' या नावावर एका संस्थेची मालकी असावी का, यावरून अनुयायांमध्ये फूट पडली. अमेरिकेत २००९ मध्ये हा बोधचिन्हाचा दावा फेटाळला गेला. युरोपात २०१७ मध्ये तो मान्य झाला. युरोपातील कामकाजात २०१३ मध्ये रजनीशांचे म्हणून एक मृत्युपत्र पुढे आले. निधनानंतर २३ वर्षांनी प्रकटलेल्या या दस्तऐवजावरील स्वाक्षरी बनावट असल्याची तक्रार काही अनुयायांनी पुण्याच्या पोलिसांकडे केली. मार्च २०२३ मध्ये गळ्यात गुरूची माळ घातलेले संन्यासी ज्या फाटकातून पूर्वी अभिमानाने आत जात, त्याच फाटकावर अडवले गेले आणि पोलिसांना लाठीमार करावा लागला.

करोनाकाळातील तोट्याचे कारण देऊन ओशो इंटरनॅशनल फाउंडेशनने कोरेगाव पार्कमधील दोन भूखंड १०७ कोटी रुपयांना विकण्याची परवानगी मागितली होती. शिष्यांनी हरकत घेतली. या वेळी त्यांच्यापाशी कायद्याने दिलेला अधिकार होता आणि तो वापरण्याची इच्छाही होती. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या धर्मादाय सहआयुक्तांनी विक्रीचा अर्ज फेटाळला, खरेदीदाराकडून घेतलेली ५० कोटींची रक्कम परत करण्यास सांगितले आणि न्यासाच्या विशेष लेखापरीक्षणाचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये विक्रीस नकार देणारा निर्णय कायम ठेवला. हरकत घेणाऱ्यांपैकी कोणीही रजनीशांच्या शिकवणुकीविषयी शंका घेतलेली नव्हती.